वडिलांच्या फोनला सिस्टिम अपडेट आलंय, करावं की राहू द्यावं?

केळीबाग_यावल

राम राम मंडळी. वडिलांच्या फोनवर बऱ्याच दिवसांपासून 'सिस्टिम अपडेट उपलब्ध' असं येतंय आणि ते दर वेळी 'नंतर' दाबतात. आमचा केळीचा अख्खा व्यवहार त्या एका फोनात आहे. काटापावत्यांचे फोटो, व्यापाऱ्यांशी झालेली बोलणी, रावेरचा नि बऱ्हाणपूरचा रोजचा भाव, मजुरांना पैसे पाठवायचं यूपीआय, ई-पीक पाहणी, सगळं तिथेच. गावातला मोबाईलवाला म्हणतो, 'अजिबात करू नका, अपडेट मारलं की फोन डेड होतो.' पलीकडच्या गल्लीत एकाचा फोन अपडेटनंतर कंपनीच्या लोगोवर अडकला, हेही खरं आहे. त्यामुळे वडील हात लावू देत नाहीत. पण अपडेट न केल्यानेही धोका असतो असं वाचलंय. नेमकं काय करावं? सध्या कापणी चालू आहे, फोन एक दिवसही बंद राहून चालणार नाही.

गिरणाकाठचा

भाऊ, माझं साधं मत. फोन नीट चालतोय ना? मग राहू द्या. मी माझ्या फोनचं अपडेट कायमचं बंद करून ठेवलंय, काही बिघडलेलं नाही. अपडेटनंतर बॅटरी उतरायला लागते, फोन जड होतो, ओळखीची बटणं जागा बदलतात. वयस्कर माणसाला पुन्हा सगळं शिकवत बसावं लागतं.

भुसावळ_दुरुस्ती

मी बरीच वर्षं मोबाईल दुरुस्तीत आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे बघा की आलेलं अपडेट कुठलं आहे. एक असतो सुरक्षेचा पॅच. गुगल 2015 पासून जवळपास दर महिन्याला अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटींची यादी जाहीर करतं आणि फोन कंपन्या त्यावरचे उपाय आपापल्या फोनसाठी पाठवतात. हे अपडेट लहान असतं, दिसायला काहीच बदलत नाही. दुसरं असतं मोठं, म्हणजे अँड्रॉइड 14 वरून 15 किंवा 15 वरून 16. ते काही जीबींचं असतं आणि गिरणाकाठच्या भाऊंनी सांगितलेले बदल त्यात होतात. त्यांचं म्हणणं मोठ्या अपडेटपुरतं निम्मं बरोबर आहे. पॅचच्या बाबतीत मात्र ते मला मुळीच पटत नाही. 2023 च्या मार्चमध्ये गुगलच्या संशोधकांनी सॅमसंगच्या एक्सिनॉस मोडेममधल्या (फोनचं नेटवर्क सांभाळणाऱ्या चिपमधल्या) 18 त्रुटी जाहीर केल्या होत्या. त्यातल्या चार अशा होत्या की हल्लेखोराला फक्त तुमचा मोबाईल नंबर माहीत असला तरी पुरे, तुम्ही काही दाबायची गरजच नाही. पॅच येईपर्यंत वाय-फाय कॉलिंग आणि व्होल्टी (4जी नेटवर्कवरून होणारे कॉल) बंद ठेवा असा सल्ला तेव्हा द्यावा लागला होता. ज्या फोनवर यूपीआय आहे त्याचा पॅच रोखून धरणं मला धोक्याचं वाटतं.

म्हणून माझ्या गिऱ्हाइकांना मी सांगतो, पॅच आला की त्याच आठवड्यात टाका. मोठं अपडेट आलं तर दोन-तीन आठवडे थांबा, तुमच्याच मॉडेलवाल्यांच्या तक्रारी येतात का ते बघा, मग करा. कायमचं टाळू मात्र नका. एकदा नवीन आवृत्ती निघाली की पुढचे पॅच बहुतेक वेळा तिच्यासाठीच येतात, जुन्यावर बसून राहणाऱ्याला काही मिळत नाही.

आता फोन डेड होण्याबद्दल. अपडेटनंतर माझ्याकडे येणाऱ्या फोनांत बरेचसे आधीच आजारी असतात. मेमरी गच्च भरलेली, आतली स्टोरेज चिप थकलेली, पूर्वी पाण्यात पडलेला, कुठेतरी स्वस्तात उघडून चिकटवलेला. अपडेटच्या वेळी फोन सगळ्यात जास्त मेहनत करतो आणि गरम होतो, तेव्हा तो लपलेला आजार बाहेर पडतो. म्हणून अपडेटच्या आधी फोन एकदा नुसता बंद करून चालू करा. तो सरळ चालू झाला, पिन घेतला, नेटवर्क पकडलं, तर पुढे जा. चालू होतानाच अडखळत असेल, मधेच आपोआप बंद पडत असेल, तर अपडेट थांबवा आणि आधी डेटा बाहेर काढा.

नवीन फोनांत आणखी एक सोय आहे. अँड्रॉइड 7 पासून गुगलने अशी पद्धत आणली की नवी सिस्टिम जुनीच्या शेजारी लिहिली जाते. तुम्ही तोवर फोन वापरत राहता, शेवटी फक्त रीस्टार्ट करायचं. नवी सिस्टिम उठलीच नाही तर फोन आपोआप जुनीवर परत येतो. सगळ्या कंपन्यांनी ही पद्धत लगेच घेतली नाही, म्हणून तुमचा फोन कसा आहे ते बघायला हवं. 'इन्स्टॉल होत आहे' असं दिसत असताना फोन वापरता येत असेल तर तो नव्या पद्धतीचा. काळ्या पडद्यावर हिरवा रोबो आणि टक्केवारी येत असेल तर जुन्या पद्धतीचा. जुन्या पद्धतीत टक्केवारी एका जागी कितीही वेळ थांबली तरी बटण दाबायचं नाही, फोन बाजूला ठेवून द्यायचा.

चोपड्याचा_पोऱ्या

मना बी असाच प्रश्न शे. अपडेट चालू शे आनि लाईट गयी ते काय व्हई? आमच्याकडे दिवसातून कितीदा जाते त्याचा नेम नाही.

भुसावळ_दुरुस्ती

काही नाही होणार भाऊ. फोन स्वतःच्या बॅटरीवर चालतो. लाईट गेली तर राउटर बंद पडेल, डाउनलोड थांबेल, आली की जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होईल. फक्त इन्स्टॉल सुरू करताना चार्ज निम्म्याहून जास्त हवा, मी तर 70-80 टक्के असल्याशिवाय करत नाही. 15 टक्क्यांवर चार्जरच्या भरवशावर केलं आणि लाईट गेली, तर मात्र घोळ होतो.

लाईटपेक्षा आपल्याकडे उन्हाची काळजी जास्त. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या घरात असतो आणि बहुतेक कंपन्या फोन 35 अंशांच्या आतल्या हवेत वापरा असं सांगतात. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये, बागेतल्या झोपडीत किंवा मोटरसायकलच्या डिकीत फोन असताना अपडेट लावू नका. फोन तापला की चार्जिंग स्वतःच कमी करतो, कामही मंद करतो आणि लोकांना वाटतं अपडेट अडकलं. पहाटे किंवा रात्री उशिरा, कव्हर काढून, गादीवर नाही तर फरशीवर किंवा टेबलावर ठेवा. रात्री नेटही मोकळं असतं.

शहाद्याची_ताई

मी सेवा केंद्र चालवते. आमच्या बाजूची एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. आधारच्या बोटांच्या ठशाचं यंत्र फोनला जोडून आम्ही पैसे काढून देतो. ते यंत्र त्याच्या आरडी सर्व्हिसच्या ॲपवर चालतं. मोठं अँड्रॉइड अपडेट आलं की कधी कधी ते ॲप नव्या आवृत्तीवर ओळखच दाखवत नाही आणि यंत्र कंपनीचं नवं ॲप येईपर्यंत वाट बघावी लागते. पाड्यांवरून बाया भाड्याचे पैसे खर्चून येतात, त्यांना 'आज मशीन चालत नाही' सांगून परत पाठवणं जिवावर येतं. म्हणून मी कामाच्या फोनला मोठं अपडेट सगळ्यात शेवटी देते. आधी घरच्या फोनवर यंत्र लावून बघते, मगच कामाचा फोन. लाडकी बहीणचे किंवा पीएम किसानचे पैसे पडतात त्या आठवड्यात तर कुठल्याच फोनला हात लावत नाही.

दुकानदारांचंही तसंच. ब्लूटूथवर बिल छापणारं लहान प्रिंटर किंवा जुनं उधारीचं ॲप असेल तर सांभाळा. अँड्रॉइड 14 पासून अगदी जुन्या काळासाठी बनवलेली ॲपं नव्याने टाकताच येत नाहीत. आधीपासून फोनात असतील तर राहतात, पण एकदा काढलं किंवा फोन रीसेट झाला की गेलं. यावलच्या भाऊंनी वडिलांच्या फोनात असं काही आहे का ते आधी बघावं.

केळीबाग_यावल

सगळ्यांचे आभार. असं जुनं ॲप काही नाही. सेटिंगमध्ये पाहिलं, अपडेट सुरक्षेचंच आहे, आकार लहान आहे. बॅकअपचं मात्र काहीच माहीत नाही. वडिलांना गुगलचा पासवर्ड विचारला तर म्हणाले, 'तो दुकानदाराने टाकला होता, मला काय ठाऊक.' याने अडचण येईल का?

भुसावळ_दुरुस्ती

हीच खरी अडचण आहे भाऊ, अपडेट नव्हे. आपल्या भागात अर्ध्याहून जास्त मोठ्या माणसांचं गुगल खातं दुकानदाराने काउंटरवर उघडलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. रोजच्या वापरात तो लागत नाही म्हणून कुणी विचारत नाही. पण काही कारणाने फोन पूर्ण रीसेट करावा लागला, तर तो चालू होताना जुन्याच गुगल खात्याचा पासवर्ड किंवा आधीचा स्क्रीन लॉक मागतो. चोरीचा फोन विकता येऊ नये म्हणून ही सोय आहे, पण पासवर्ड नसेल तर मालकच बाहेर राहतो. माझ्याकडे म्हातारी माणसं असे फोन घेऊन येतात आणि मला बिल मागावं लागतं, कंपनीच्या सेंटरला पाठवावं लागतं. फार वाईट वाटतं.

आता फोन चालू आहे तोवरच हे सोडवा. सेटिंगमध्ये गुगल, तिथे खात्याची व्यवस्था, मग सुरक्षा, मग पासवर्ड. जुना आठवत नसेल तर 'विसरलो' दाबा. फोनात खातं आधीच उघडं असल्यामुळे बहुतेक वेळा स्क्रीन लॉकचा पिन देऊन नवीन पासवर्ड ठेवता येतो. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर वडिलांचाच आहे का तेही बघा, दुकानदाराचा नंबर निघालेला मी पाहिलाय. नवा पासवर्ड वहीत लिहा, ती वही सातबारा नि पासबुकांच्या पिशवीत ठेवा. आणि पासवर्ड बदलल्यावर निदान 24 तास रीसेटच्या वाटेला जाऊ नका, गुगलचीच तशी सूचना आहे.

स्क्रीनचा पिन कुणाला माहीत आहे तेही विचारा. रीस्टार्टनंतर फोन बोटाचा ठसा घेत नाही, पहिल्यांदा पिन किंवा पॅटर्नच लागतो. तसा अँड्रॉइड अधूनमधून पिन मागतोच, पण बऱ्याच घरांत तेव्हा नातू तो टाकून देतो आणि आजोबांना त्याचा पत्ता नसतो. नातू पुण्याला आणि फोन यावलला, अशी गत नको.

पांझराकाठ

बॅकअपबद्दल मी लिहितो, आमच्या घरात हे काम माझ्याकडेच असतं.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, चॅट्स, चॅट बॅकअप असं जाऊन शेवटचा बॅकअप कधीचा ते बघा. तो गुगल ड्राइव्हवर जातो आणि परत आणायला तोच नंबर आणि तेच गुगल खातं लागतं. आता तो 15 जीबीच्या फुकट जागेतच मोजला जातो, फोटोही त्यातच. जागा भरली की बॅकअप थांबतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. व्हॉट्सॲपच्याच 'स्टोरेज आणि डेटा'मध्ये मोठ्या फाइली वेगळ्या दिसतात. शुभ सकाळचे व्हिडिओ, कीर्तनाच्या क्लिपा, फिरत आलेल्या बातम्या काढल्या की फोनमध्येही जागा होते, आणि अपडेटला काही जीबी मोकळी जागा लागतेच.

फोन नंबर कुठे साठवलेत ते नक्की तपासा. जुन्या फोनांतून आलेल्या कित्येक लोकांचे नंबर 'फोन' किंवा 'सिम' असे साठवलेले असतात, गुगलमध्ये नसतात. व्यापाऱ्यांचे, ट्रकवाल्यांचे, मजूर मुकादमांचे नंबर गेले तर हंगामात हात बांधल्यासारखं होतं. कॉन्टॅक्ट ॲपमधून ते गुगल खात्यात हलवता येतात. कॉल रेकॉर्डिंग आणि काटापावत्यांचे फोटो केबलने कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, ऑनलाइन बॅकअपवर विसंबू नका. आपल्याकडे भावावरून नंतर वाद होतो तेव्हा त्या पावतीचा फोटोच कामी येतो.

आणि एक कळकळीचं. गेल्या लग्नसराईत आमच्या नात्यातल्या एका ग्रुपवर 'सिस्टिम अपडेट' नावाची एपीके फाइल (दाबली की फोनात ॲप टाकणारी फाइल) आली होती. कधी ती लग्नपत्रिका म्हणून येते, कधी पीएम किसानची यादी म्हणून, कधी वाहतूक चलन म्हणून. अँड्रॉइडचं सिस्टिम अपडेट कधीही व्हॉट्सॲपवर, एसएमएसच्या लिंकवर किंवा वेबसाइट उघडल्यावर समोर आलेल्या लाल पाटीवर येत नाही. ते फक्त फोनच्या सेटिंगमध्ये मिळतं. नोटिफिकेशन खरं वाटलं तरी त्यावर दाबू नका, स्वतः सेटिंग उघडून बघा. सॅमसंगमध्ये 'सॉफ्टवेअर अपडेट', रेडमीत 'अबाउट फोन', मोटोरोला नि पिक्सेलमध्ये 'सिस्टिम'च्या आत. तिथे नसेल तर अपडेट नाहीच.

गिरणाकाठचा

आणि चुकून ती फाइल टाकली गेली असेल तर? आमच्या गावात एकाने टाकली आहे, पैसे अजून गेलेले नाहीत.

पांझराकाठ

लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फाय बंद करा, म्हणजे ओटीपी बाहेर जाणं थांबेल. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर क्षण न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितकी लवकर तक्रार तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त. मग त्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनची (म्हणजे फोनचा ताबा देणारी) परवानगी दिली गेली असेल ती काढून ॲप काढा. माझ्या मते तेवढ्यावर न थांबता फोटो बाजूला घेऊन फोन पूर्ण रीसेट करावा. त्यासाठीही गुगलचा पासवर्ड लागणारच, म्हणजे भुसावळच्या दादांनी सांगितलेलं काम त्यांनाही करावं लागेल. रीसेटनंतर यूपीआय पुन्हा जोडताना फोनमधून एसएमएस जातो, म्हणून सिम त्याच फोनमध्ये आणि एसएमएसपुरता बॅलन्स हवा.

चोपड्याचा_पोऱ्या

माझ्या जुन्या फोनला कंपनीकडून अपडेट येणं बंद झालंय. कॉलेजातले मित्र म्हणतात बूटलोडर (फोन चालू करणारं, कंपनीने कुलूप लावलेलं सॉफ्टवेअर) उघड आणि लिनिएजओएस (अँड्रॉइडवरच बेतलेली, कंपनीबाहेरची सिस्टिम) टाक. आते काय करू?

भुसावळ_दुरुस्ती

लिनिएजओएस चांगला प्रकल्प आहे, त्याला नावं ठेवणार नाही. तुझं मॉडेल त्यांच्या अधिकृत यादीत असेल, फोन दुय्यम असेल आणि शिकायची हौस असेल तर कर. पण बूटलोडर उघडताच फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. नंतर बँकेची आणि यूपीआयची काही ॲपं अशा फोनवर चालायला नकार देतात. आणि बाहेरची सिस्टिम असताना बूटलोडर परत लॉक केला तर फोन उठायचाच नाही, हे लक्षात ठेव. वडिलांच्या किंवा दुकानाच्या फोनवर हा प्रयोग नको.

चौकातल्या दुकानात 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणतात, त्यालाही सांभाळ. दुसऱ्या देशाची किंवा जवळच्याच पण वेगळ्या मॉडेलची फाइल मारली जाते आणि नेटवर्क जातं. जुन्या आवृत्तीवर परत नेऊन देतो म्हणणाऱ्याचं तर मुळीच ऐकू नको. बऱ्याच फोनांत मागे जाण्याला कंपनीने कुलूप लावलेलं असतं, जबरदस्ती केली की फोन बसतो.

सिस्टिम अपडेट थांबलं तरी फोन लगेच टाकाऊ होत नाही. अँड्रॉइड 10 किंवा त्यापुढचा असेल तर 'गुगल प्ले सिस्टिम अपडेट' वेगळं येत असतं, सुरक्षेच्या सेटिंगमध्ये बघ. पण पॅच थांबून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तर त्यावर बँक ठेवू नकोस. गाणी, व्हिडिओ, शेतातला कॅमेरा यासाठी वापर. नवीन घेताना किंमत आणि कॅमेऱ्याबरोबर किती वर्षं अपडेट मिळणार तेही विचार. पिक्सेल 8 आणि गॅलॅक्सी एस 24 पासून गुगल नि सॅमसंग सात वर्षं देतात, स्वस्त फोनांत ही वर्षं खूपच कमी असतात.

केळीबाग_यावल

झालं अपडेट. आधी पासवर्ड नवा केला, जोडलेला नंबर खरंच वडिलांचा नव्हता, तोही बदलला. दोन-तीन दिवस जाऊ दिले. नंबर गुगलमध्ये हलवले, पावत्यांचे फोटो लॅपटॉपवर घेतले, फोन एकदा रीस्टार्ट करून पाहिला. मग पहाटे लावलं. इन्स्टॉल होत असतानाही फोन चालत होता, म्हणजे नव्या पद्धतीचा निघाला. वडिलांनी त्यातच व्यापाऱ्याला फोन लावला. रीस्टार्टनंतर पिन त्यांनी स्वतः टाकला. पण कालपासून बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरते आहे. चिंता करायची का?

भुसावळ_दुरुस्ती

अजून नाही. अपडेटनंतर फोन आतल्या आत ॲपं नव्याने जुळवत असतो, त्यात दोन-चार दिवस बॅटरी जास्त जाते. प्ले स्टोअरमधून सगळी ॲपं अपडेट करून घ्या, रात्री फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर राहू द्या. आठवड्यानंतरही तसंच असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीच्या यादीत कुठलं ॲप वर दिसतंय ते इथे लिहा, मग बघू.

शहाद्याची_ताई

यावलचे भाऊ, ई-पीक पाहणीचं ॲपही आताच उघडून बघा. लोकेशन आणि कॅमेऱ्याची परवानगी नीट आहे का ते तपासा. खरिपाच्या नोंदीला शेवटच्या तारखेला बांधावर उभं राहून हे कळलं तर तिथे नेटवर्कही नसतं.

केळीबाग_यावल

ताई, बघितलं. लोकेशनची परवानगी बंद होती, आता चालू केली. काकांच्या फोनचं गुगल खातंही त्याच दुकानदाराने उघडलेलं आहे, रविवारी त्यांच्याकडे बसतो.